आधी कोणाचे ताट?

रविवारच्या उपासनेत नम्रतेवर उपदेश होतो. सगळे माना डोलावतात. आशीर्वाद होतो आणि पाचच मिनिटांत चर्चच्या अंगणात प्रीतिभोजनाची रांग लागते. रांगेत पुढे कोण आहे, बसल्या जागी ताट कोणाला आणून दिले जाते, पहाटेपासून चुलीशी राबणाऱ्या बायका कधी जेवतात, आणि तोवर पातेल्यात मटण उरलेले असते की नुसता रस्सा, एवढे पाहिले तरी उपदेश कुठवर पोहोचला ते कळते.

नम्रतेची पारख आपण बहुतेक वेळा आवाजावरून करतो. हळू बोलणारा, मान खाली घालणारा, प्रार्थनेत स्वतःला धुळीसमान म्हणवणारा माणूस आपल्याला नम्र वाटतो. पण आवाज न चढवताही माणूस दर वेळी आपलेच खरे करून घेऊ शकतो. उलट, घसा फोडून बोलणारी एखादी मावशी सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. म्हणून या लेखापुरती एकच कसोटी धरू या: क्रम. ताटात, रांगेत, बोलण्यात, श्रेयात, वेळेत आधी कोण? ख्रिस्ती नम्रता म्हणजे हा क्रम बदलण्याची सवय. आणि ती सवय असल्यामुळेच प्रयत्नाने लावून घेता येते.

पत्र कोणाला लिहिले होते?

या विषयावर सर्वांत जास्त वाचला जाणारा उतारा फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला आहे. तो मंगल वाटतो, म्हणून लग्नापासून वर्धापनदिनापर्यंत सगळीकडे वाचतात. तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला ते लक्षात घेतले की त्याची धार कळते. पत्र लिहिणारा पौल तेव्हा कैदेत होता. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमी वसाहत होती. निवृत्त रोमी सैनिकांना तिथे वसवले होते, आणि नागरिकत्व, हुद्दा, मानमरातब यांना त्या शहरात मोठी किंमत होती. अशा ठिकाणच्या विश्वासणाऱ्यांना पौल सांगतो, की चढाओढ आणि पोकळ मोठेपणा सोडा, समोरच्याला स्वतःहून मोठा समजा, आपल्यासोबत त्याच्याही हिताकडे लक्ष द्या. मग तो येशूचे उदाहरण देतो. देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने दासाची जागा घेतली आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. वधस्तंभ ही प्रामुख्याने गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमी नागरिकाला ती सहसा देत नसत. नागरिकत्वाचा अभिमान असलेल्या लोकांना हे ऐकताना किती अवघड गेले असेल!

हा उतारा वाचून आपण थांबतो आणि चौथ्या अध्यायातल्या दोन बाया राहून जातात. युवदीया आणि सुंतुखे यांची नावे घेऊन पौल विनंती करतो, की प्रभूमध्ये एकमनाच्या व्हा. दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीने श्रम केले होते. म्हणजे भांडण झाले ते कामाच्या माणसांत, आळशांत नव्हे. आपल्याकडेही महिला मंडळाचा हिशेब, नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी, गायनमंडळातली जागा यांवरून जी तेढ पडते ती मनापासून राबणाऱ्यांतच पडते. यात पौल काय करतो ते पाहण्यासारखे आहे. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे तो पत्रात लिहीत नाही. तो दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो आणि तिसऱ्या एका सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो. दोघांचे बिनसले की बाकीच्यांनी गंमत पाहत बसायचे नसते. कोणीतरी मध्ये पडून मार्ग सोपा करायचा असतो.

त्याच पत्रात एपफ्रदीताची हकीकत आहे. फिलिप्पैकरांनी दिलेले साहाय्य घेऊन हा माणूस पौलाकडे गेला आणि तिथे मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी पडला. त्याला रुखरुख कशाची लागली? आपण आजारी असल्याचे गावाकडे कळले, आता तिकडची माणसे काळजी करत बसतील, याची. दुसऱ्याला आधी ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळी व्याख्या लागत नाही.

कमरेला रुमाल बांधण्याआधी

दुसरा आधार योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय. येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या रस्त्यांनी आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचे काम. त्या खोलीतल्या बारा जणांपैकी कोणीही ते आपण होऊन केले नव्हते. लूकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच भोजनाच्या वेळी त्यांच्यात आपल्यात मोठा कोण हा वाद चालला होता.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी सरावाला उपयोगी पडतात.

पहिली, योहान आधी सांगतो की आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत हे येशूला ठाऊक होते. मग तो रुमाल घेतो. स्वतःच्या किमतीबद्दल ज्याच्या मनात शंका नाही त्याला खाली बसायला लाज वाटत नाही. आपली अडचण नेमकी इथेच असते. व्यासपीठावर नाव घेतले नाही, पत्रिकेत नाव खाली छापले, नमस्कार केला तर समोरच्याने पाहिले नाही, एवढ्यावरून आपला दिवस नासतो, कारण आपली किंमत आपण त्या नावावर आणि त्या नमस्कारावर लावलेली असते. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत 'प्रभू, मला नम्र कर' एवढेच म्हणून थांबू नका. 'आज मला कोणी विचारले नाही तरी मी तुझाच आहे' हेही मनाशी पक्के करून घराबाहेर पडा.

दुसरी, त्या बारा जणांत येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही होता आणि त्याचेही पाय धुतले गेले. आवडत्या माणसाची सेवा करायला नम्रता लागत नाही, ती प्रेमानेच होते.

तिसरी, पेत्र पाय धुऊन घ्यायला नकार देतो आणि येशू त्याला ऐकवतो. सेवा करायला तयार असलेली पण सेवा घ्यायला तयार नसलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. इस्पितळात असताना डबा नको, अडचणीत असताना पैसे नकोत, म्हातारपणी हात धरायला नको. 'कोणाला त्रास नको' या वाक्याआड पुष्कळदा 'मी कोणाच्या उपकारात नाही' हा ताठा असतो. कोणी डबा आणला तर घ्या, पोटभर जेवा आणि डबा घासून परत द्या.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये आजही हा पाय धुण्याचा विधी होतो. तो विधी ठरलेल्या बारा पुरुषांपुरता असायचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली निवड झाल्यावर काही दिवसांतच रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमान तरुणही. २०१६ च्या जानेवारीत तसा नियमच बदलून स्त्रियांना या विधीत अधिकृत जागा मिळाली. पाय धुणारा वाकला पाहिजे हे खरेच. कोणापुढे वाकायचे याची यादीही मोठी होत गेली पाहिजे.

आधी कोणी वाकायचे?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून नम्रतेची शिकवण उलटी फिरते. आपल्या समाजात काही माणसांना जन्मभर वाकायलाच शिकवलेले असते. सून, विधवा, घरकाम करणारी बाई, जातीमुळे वेशीबाहेर ठेवलेल्या घराण्यातला माणूस. त्यांना पुन्हा 'नम्र व्हा' सांगणे म्हणजे त्यांच्या पाठीवर आणखी ओझे ठेवणे. येशूचा क्रम वेगळा आहे: ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने आधी वाकायचे. गुरू शिष्यांचे पाय धुतो. मार्काच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान उजवी-डावी जागा मागतात, तेव्हा येशू परराष्ट्रीयांचे अधिकारी कशी सत्ता गाजवतात ते दाखवतो आणि तुमच्यात असे चालणार नाही, मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, असे बजावतो. हे शब्द पुढारी होऊ पाहणाऱ्यांसाठी आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातच याची बोलकी उदाहरणे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचे बालपण जलालपूरच्या ज्या घरात गेले तिथे वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. काही काळाच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तरी त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. पुढे हा भेद देवाने केलेला नाही असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी शिवाशिव सोडली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, त्यानंतर. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळे त्यांनी स्वतःचीच थट्टा करत सांगितले आहे. इतरांनी लक्ष्मीबाईंपुढे नमण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. ज्यांना जन्माने वरचे ताट मिळाले होते त्यांनी ते उचलून इतरांच्या पंगतीत आणून ठेवले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही याच जातीचे. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. संस्कृतावर एवढा अधिकार असलेल्या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते कमी शिकलेल्या बायांनाही समजावे म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छपाईच्या कामाला आश्रमातल्याच मुली आणि बाया होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या तोवर त्या या कामात होत्या. विद्वत्ता दाखवायची संधी हाती असताना वाचणारीची सोय आधी पाहणे, ही विद्वानाची नम्रता.

म्हणून एक नियम करा. ज्याच्यावर आपला अधिकार चालतो त्याला नम्रतेचा उपदेश करू नका. त्याच्यापुढे ती करून दाखवा. आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर तिथे 'सहन कर, नम्र हो' हा सल्ला ख्रिस्ती नव्हे. अशा बाईला आधी सुरक्षित जागी पोहोचवा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करायला मदत करा. प्रार्थना त्यासोबतच करता येते.

नम्र माणूस गप्प बसतो, हाही एक समज आहे. शास्त्र मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्यांहून नम्र म्हणते, आणि हाच मोशे फारोच्या दरबारात पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. आपल्या मानासाठी भांडायचे नाही आणि ज्याचे ताट हिसकावले गेले त्याच्यासाठी तोंड मिटायचे नाही, असा हा हिशेब आहे.

घरात

सुरुवात जेवणापासून करा. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि त्याच्या वाट्याला काय उरते, हे आठवडाभर नुसते पाहा. बहुतेक घरांत उत्तर तेच येईल. मग आठवड्यातले काही दिवस ठरवा, की स्वयंपाक करणारी आधी बसेल आणि तिला गरम पोळी दुसरा कोणीतरी वाढेल. पहिल्या दिवशी तीच म्हणेल, "असू द्या हो, तुम्ही बसा." तरीही बसू नका. अनेक वर्षांची सवय एका जेवणात जात नाही.

दुसरे, बोलणे. वाक्य पुरे होण्याआधी आपण कोणाकोणाला तोडतो? बहुधा बायकोला, मुलांना आणि म्हाताऱ्या आईला. साहेबाला कोणी तोडत नाही. म्हणजे थांबणे आपल्याला येते, फक्त ते कोणासाठी वापरायचे हे आपण ठरवलेले असते. आजीने तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतली तर ती पुरी ऐका.

तिसरे, माफी. 'माझं चुकलं, पण तूही...' ही माफी नव्हे, वादाची दुसरी फेरी आहे. माफी मागताना काय चुकले ते नेमके सांगा, 'पण' गिळा आणि समोरच्याने लगेच माफ करावे अशी घाई करू नका. वडिलांनी मुलाची माफी मागितल्याने घराची शिस्त बिघडत नाही. असे वडील पाहिलेल्या मुलाला पुढे स्वतःची चूक कबूल करणे जड जात नाही.

मंडळीत

मानाच्या जागांबद्दल येशूने लूकाच्या चौदाव्या अध्यायात फार व्यवहारी सल्ला दिला आहे: मेजवानीला गेलात तर आपण होऊन वरच्या जागी बसू नका. आपल्याकडे त्याचे रूपांतर राखीव खुर्च्या, हार, शाल-श्रीफळ आणि सत्कारांच्या यादीत होते. पुष्कळ चर्चमध्ये छताकडे पाहिले तर पंख्याच्या पात्यांवर लाल अक्षरांत देणगीदाराचे नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ' असे लिहिलेले दिसते. पंखा सुरू असेपर्यंत नाव वाचता येत नाही. बंद झाला, लोक घामाघूम झाले, की दिसू लागते! आईवडिलांची आठवण ठेवण्यात गैर काही नाही. पण पुढच्या वेळी द्याल तेव्हा नावावाचून देऊन पाहा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म गुप्तपणे करा असे येशू सांगतो, त्याचा अर्थ तसे देताना मनात जे घडते त्यावरून कळतो.

हंगामाच्या सणाला धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी वेदीपाशी येतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्यातून मंडळीला पैसा मिळतो, हसतखेळत वेळ जातो. पण कधी कधी दोन घराणी एका भोपळ्यावर अडकतात, बोली चढत जाते आणि भोपळा बाजूलाच राहतो. त्याच वेळी मागच्या बाकावर एक आजी बसलेली असते. घरच्या एकुलत्या एक कोंबडीची साठवलेली चार अंडी रुमालात बांधून तिने आणलेली असतात. तिचे नाव कोणी विचारत नाही. पंचांपैकी एकाने तिच्याजवळ जाऊन बसावे, कोंबडीची चौकशी करावी, तिच्यासोबत प्रार्थना करावी. मंदिराच्या दानकोशापाशी बसलेल्या येशूची नजरही दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेवरच होती.

कामाच्या वाटणीबद्दल संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीतून शिकण्यासारखे आहे. मठातल्या बंधूंनी आळीपाळीने स्वयंपाकघरात सेवा करायची असे त्यात सांगितले आहे. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडले तर कोणाला सुटका नाही. ज्याचा आठवडा संपला त्याने शनिवारी सफाई करायची, रुमाल धुवायचे आणि नव्या सेवकासह सर्वांचे पाय धुवायचे. नम्रता ज्याच्या त्याच्या इच्छेवर न सोडता पाळीत बसवली, हे इथले मर्म आहे. आपल्या मंडळीत प्रीतिभोजनानंतर भांडी घासायची, चटया गुंडाळायची, संडास धुवायची पाळी फळ्यावर लावा. त्या यादीत पाळक, खजिनदार, सचिव यांची नावे पहिल्या महिन्यातच असू द्या.

निवडणूक आणि पदे हा अवघड भाग. पदाची इच्छा वाईट नसते. पद सोडवत नाही तिथे घोळ होतो. बर्णबाचे उदाहरण पाहा. शौलाला, म्हणजेच पौलाला, कोणी जवळ करत नव्हते तेव्हा बर्णबाने त्याची बाजू घेतली, पुढे तार्सला जाऊन त्याला शोधले आणि अंत्युखियात कामाला आणले. प्रेषितांच्या कृत्यांत आधी 'बर्णबा व शौल' असा उल्लेख येतो. काही अध्यायांनंतर पौलाचे नाव पुढे जाते. आपणच आणलेला माणूस आपल्यापुढे गेला म्हणून बर्णबा रुसल्याचे कुठेही लिहिलेले नाही. पुढे त्यांचा जो मतभेद झाला तोही एका तरुणाला, मार्काला, दुसरी संधी द्यावी की नाही यावरून झाला. तुम्ही शब्बाथ शाळा, गायनमंडळ किंवा तरुण संघ बरीच वर्षे सांभाळत असाल तर यंदा एक माणूस निवडा, त्याला काम शिकवा, त्याच्या हातून ते थोडे वाकडे झाले तरी मध्ये पडू नका. काम त्याला जमले की चारचौघांत त्याचे नाव घ्या.

कामाच्या ठिकाणी आणि मोबाइलवर

ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात दुसऱ्याला आधी ठेवणे म्हणजे श्रेय ज्याचे त्याला देणे. वरिष्ठांपुढे 'हे आम्ही केले' म्हणण्यापेक्षा 'ही कल्पना शिंदेबाईंची' असे नाव घेऊन सांगा. चूक झाली की मात्र आधी आपला भाग सांगा. शिपाई, सुरक्षारक्षक, सफाईवाली बाई यांची नावे ठाऊक करून घ्या आणि त्या नावाने हाक मारा. घरकाम करणाऱ्या मावशींसाठी वेगळा कप ठेवत असाल तर तो आजच काढून टाका. प्रभुभोजनाच्या प्याल्याचा मान राखायचा आणि घरात कप वेगळा ठेवायचा, या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज वचने येतात आणि वादही तिथेच पेटतात. उत्तर लिहा, पण पाठवण्याआधी थांबा. ज्याच्याविषयी लिहिले त्याला फोन करता येईल का? बहुधा येतो. कोणाची चूक दाखवायची तर एकट्याला दाखवा, कौतुक करायचे तर ग्रुपवर करा. आजाऱ्याला भेटायला गेलात तर उशाशी उभे राहून फोटो काढू नका. काढलाच तर तो टाकू नका.

नम्रतेचे सोंग

हा सराव करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, स्वतःची निंदा. "माझा आवाज कुठे चांगला आहे!" असे म्हणून समोरच्याने "अहो, छान आहे" म्हणेपर्यंत वाट पाहणे ही कौतुकाची मागणीच असते. कोणी गाण्याची तारीफ केली तर "आनंद वाटला" म्हणा आणि विषय बदला. दोन, हिशेब. मी इतके केले, त्यांनी काय केले, ही वही मनात उघडी असेल तर सेवेचे कर्ज होते आणि आपण सावकार होतो. तीन, नाही म्हणता न येणे. सगळ्यांच्या हाकेला ओ देता देता घरच्यांवर खेकसणारा माणूस दुसऱ्यांना आधी ठेवत नसतो. लोक काय म्हणतील याला आधी ठेवत असतो. कफर्णहूमात सगळे शोधत असताना येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला गेला होता, आणि शिष्यांनी गाठल्यावर तो परत न जाता पुढच्या गावांकडे निघाला. विश्रांती घेणे, मर्यादा सांगणे, 'हे मला जमणार नाही' असे प्रेमाने म्हणणे यात अहंकार नाही. जग आपल्यावाचून चालते हे मान्य करणे हाही नम्रतेचाच भाग आहे.

सराव कसा लावायचा

सगळे एकदम करायला जाल तर आठवडाभरात सुटेल. वरच्यांपैकी एकच गोष्ट निवडा, शक्यतो जिची सर्वांत जास्त लाज वाटते ती. ती महिनाभर धरा आणि कोणाला सांगू नका. रात्री झोपण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा: आज मी कोणाच्या आधी स्वतःला ठेवले? कोणाचे ऐकून घेतले? कोणाकडून मदत घेतली? उत्तर वाईट आले तर प्रभूपुढे कबूल करा आणि झोपा. अपयशाचे दुःख कुरवाळत बसण्यातही माणूस स्वतःभोवतीच फिरतो.

महिन्याच्या शेवटी आपण नम्र झालो का, हे स्वतः ठरवू नका. ते तुमच्या मित्रालाही विचारू नका, पाळकांनाही नाही. तुमचा ज्यांच्यावर अधिकार चालतो त्यांच्यापैकी एकाला विचारा: सुनेला, हाताखालच्या माणसाला, सोळा वर्षांच्या मुलीला. "माझ्यासोबत राहणं तुला सोपं जातं का?" एवढाच प्रश्न. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित त्या दिवशी येणारही नाही. आले तर मध्ये न बोलता ऐका आणि त्यात जे पहिले गाऱ्हाणे असेल, पुढच्या महिन्याचा सराव त्याचाच धरा.